रॉडचं बटण कुणी फिरवलं

प्रिय कात्री,

हे पत्र हातात पडल्यावर तू आधी पाकीट उलटसुलट करून बघशील, घरात कुणाचं काही बरंवाईट तर झालं नाही ना म्हणून. तसलं काही नाही. माझा गुडघा सोडला तर सगळे ठणठणीत आहेत. फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर मी भराभर बोलते आणि बोलता बोलता हळूच माझ्याच बाजूला सरकते, हे तुला पार्लरच्या क्लासच्या दिवसांपासून ठाऊक आहे. आपल्या शिकवणाऱ्या बाई तुला कात्री म्हणायच्या आणि मला फणी. तू एकदा कच्चकन कापून मोकळी, आणि मी तोच गुंता दहादा विंचरत बसणार. आजचा गुंता बारकीचा आहे. मागच्या महिन्यात तू विचारलंस, की तिने तुझ्याकडे नोकरीसाठी लिहिलंय, ती बारा वर्षं माझ्या पार्लरमध्ये होती, तर इतक्या लांबून तिला तुझ्या सलूनमध्ये बोलावू का? मी म्हटलं, नको. तू तिला नकार कळवलास का अजून? कळवला नसशील तर हे शेवटपर्यंत वाच आणि मगच काय ते कळव. त्या पोरीचं सगळं आता तुझ्या उत्तरावर अडकलंय.

मी संशयी आहे, हे मी कधी नाकारलं नाही. धोबी चादरी घेऊन आला की मी त्या उजेडात धरून बघते, आपल्याच आहेत ना. गिऱ्हाईक 'छान झालं हं' म्हणालं तरी ते दाराबाहेर जाऊन मोबाइलमध्ये पुन्हा केस बघतंय का, ते मी पडद्याआडून पाहते. त्यामुळे माझ्या बहिणीचा, ताईचा फोन आला, की लेकीचं लग्न तिकडेच, तुमच्या शहरात करायचं ठरलंय आणि नवरीचे केस मावशीनेच करायचे, तेव्हा आनंद व्हायच्या आधी माझ्या मनात आलं, तिकडे काय केस करणाऱ्या बायका संपल्या? नक्की कुणीतरी नाही म्हटलं असणार. मग भाचीने फोन घेतला. तिचं पहिलं वाक्य काय असावं? 'बारकीताई येतायत ना?' मावशी, तू येतेस ना, हे दुसरं. मी हसून 'हो गं, दोघी येतो' म्हटलं, पण ते कुठेतरी टोचलं ते टोचलंच.

खरं सांगायचं तर टोचणी जुनी होती. बारकी माझ्याकडे आली तेव्हा तिला साधी वेणीसुद्धा सरळ घालता येत नव्हती. सगळं मी शिकवलं. पण गेली दोन-तीन वर्षं गिऱ्हाइकं दारातूनच डोकावून विचारायला लागली होती, 'बारकी कधी मोकळी होईल?' माझी खुर्ची रिकामी, मी समोर उभी, आणि बाई म्हणते, 'नको, मी बसते थांबून.' असं झालं की मी आत जाऊन उगाच टॉवेलांच्या घड्या घालायची. बारकी कधी चढेलपणे वागली नाही, आणि मला त्याचाच जास्त संशय यायचा. एवढं साळसूद माणूस असतं का कुठे? नक्की स्वतःचं पार्लर काढायच्या बेतात असणार, असं मला वाटायचं.

प्रवासाला निघताना मी माझा केस कुरळे करायचा रॉड बरोबर घेतला. तोच, लाकडी मुठीचा, पार्लर उघडलं त्या दिवशी घेतलेला. त्याच्या बटणावरचे आकडे कधीच पुसले गेलेत, म्हणून मी नेलपॉलिशचा एक ठिपका लावून ठेवलाय. बटण ठिपक्यावर आणायचं, बट गुंडाळायची, मनात वीस मोजायचे आणि सोडायची. सव्वीस वर्षांत मला याहून वेगळं काही करावं लागलं नाही. बारकी मात्र दर वेळी आधी कागदाची एक पट्टी रॉडमध्ये धरून बघायची, कागद पिवळा पडतो का ते. ही सवय मीच तिला पहिल्या आठवड्यात लावली होती आणि स्वतः मात्र केव्हाच सोडून दिली होती. आमच्याकडे कागद कधी पिवळा पडलाच नाही तर बघायचं कशाला? विजेच्या दुकानात मी विचारलं, तिकडे हा रॉड चालेल का. दुकानदार म्हणाला, करंट आपल्यासारखाच आहे मावशी, फक्त पिना वेगळ्या, हा जोड लावा की झालं. माझा त्याच्यावर विश्वास बसेना. मी आणखी दोन दुकानांत विचारलं. तिघांनी तेच सांगितलं, तेव्हा मला वाटलं तिघे एकमेकांचे भाऊ असतील.

तिथे विमानतळावरच्या बाईंनी बॅग उघडून रॉड बाहेर काढला, इकडून तिकडून पाहिला आणि दुसऱ्या बाईंना बोलावून दाखवला. माझ्या मनात पाल चुकचुकली, यांना आवडलाय, ठेवून घेणार. बारकीने हाताने केस गुंडाळायची खूण करून दाखवली, तशा दोघी हसल्या आणि त्यांनी तो परत दिला. मग हॉटेल. लग्नाला दोन दिवस होते. खोलीत शिरल्या शिरल्या मी रॉड लावला, म्हटलं जरा चालवून बघू. जुना रॉड, तापायला वेळ घेतो, तोवर खाली जाऊन चहा पिऊन येऊ. बारकी म्हणाली, ताई, असा चालू ठेवून नको जायला. मी म्हटलं, काही होत नाही. वर आलो तर रॉड थंडगार! बटण चालू, पिना घट्ट, आणि रॉड थंड. आम्ही खाली असताना मध्येच ती 'रुमाल विसरले' म्हणून खोली उघडायचं कार्ड माझ्याकडून घेऊन वर येऊन गेली होती. झालं, माझ्या डोक्यात गणित जुळलं. वर येऊन हिने बंद केला असणार, मला चुकीचं ठरवायला. नंतर खोली झाडणाऱ्या बाईने दाखवलं, दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढलं की खोलीची सगळी वीज जाते, आणि कार्ड तर माझ्याच पर्समध्ये होतं. बारकीने ते मला आल्या आल्या सांगितलंही होतं म्हणे. मी ऐकलं नसेन. पण कार्डाचं कळूनही माझा राग काही गेला नाही. मी रॉड बॅगेत घातला, बॅगेला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मग दोन दिवस तो बाहेर निघालाच नाही, आणि चालवून बघायचं राहून गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुझ्या सलूनमध्ये आलो, तुला आठवत असेल. तू मला प्रेमाने सगळं दाखवत होतीस, आणि माझं अर्धं लक्ष बारकीकडे होतं. ती तुझ्या त्या आकडे उमटणाऱ्या नव्या रॉडजवळ उभी होती, तुझ्या मुलींशी खाणाखुणांनी बोलत होती. मग तू तिच्याजवळ गेलीस, दोघी काहीतरी कुजबुजलात आणि मी जवळ आल्यावर गप्प झालात. कात्री, तेव्हा तुम्ही काय बोलत होतात ते मला आजही माहीत नाही, आणि आता सांगूही नकोस. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की कुठेतरी पाणी मुरतंय. परत येताना बारकी गाडीत म्हणाली, ताई, उद्या आपण त्यांचाच एक रॉड आणूया का, त्याच्यावर किती तापला ते दिसतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, तुला हवा असेल तर त्यांच्याकडेच राहा की. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

लग्नाच्या दिवशी सकाळी हॉलच्या मागच्या खोलीत आम्ही नवरीला बसवलं. ताई, नवरदेवाची आई, दोन आत्या, भाचीच्या तीन मैत्रिणी, सगळ्या तिथेच. भाचीचे केस तू पाहिलेस, कमरेखाली येणारे आणि मऊसूत. मी कुलूप उघडून रॉड काढला, स्वतःच्या हाताने लावला, स्वतःच्या हाताने बटण ठिपक्यावर आणलं. बारकीने सवयीने कागदाची पट्टी फाडली आणि पुढे आली. माझ्या मनात आलं, एवढ्या बायकांसमोर ही मला तपासणार. मी म्हटलं, ते राहू दे, गाडीतून पिनांचा डबा घेऊन ये. ती म्हणाली, ताई, एकदा बघते नि जाते. मी आवाज चढवला. ती गेली. मी मागची एक जाड बट घेतली, गुंडाळली आणि मोजायला लागले. बाराला मला वास आला. मला वाटलं नवा रंग असेल केसांना, आणि मी मोजत राहिले. वीस झाल्यावर रॉड सोडला तर बट केसांतून सुटून रॉडलाच चिकटून राहिली. चार बोटं लांबीचा झुबका डोक्यावर, आणि बाकीचं माझ्या हातात.

भाची किंचाळली. ताई धावत आली, बारकी डबा घेऊन दारात पोचलीच होती. नवरदेवाच्या आईने विचारलं, हे कसं झालं? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी रॉडचं बटण झटकन बंद केलं आणि म्हटलं, हिने फुल करून ठेवलं होतं. मी पाठ फिरवली तेवढ्यात हिने बटण फिरवलं. हॉटेलातसुद्धा हिने असाच खेळ केला होता. मी थांबेच ना. हिला इथे नोकरी हवी आहे, मला खाली पाडायचंय, सगळं सगळं बोलले. बारकीने पुढे येऊन डबा टेबलावर ठेवला, रडणाऱ्या भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, पाऊण तास आहे आपल्याकडे, मला करू दे. तिने जळलेला झुबका आत घेतला, बाकीचे केस न तापवता नुसत्या हाताने पीळ देऊन देऊन वर चढवले आणि असा अंबाडा बांधला, की खुद्द नवरीला आरशात जळकी जागा सापडेना. मग पिनांचा डबा बंद केला आणि बाहेर निघून गेली. जेवायलाही आली नाही.

जेवताना तू माझ्याजवळ आलीस आणि म्हणालीस, फणे, हाताला अजून तीच सफाई आहे गं! मी 'अगं, काहीतरीच' म्हटलं. तुला आठवतं ना? माझा अंबाडा नव्हता तो, असं म्हणायला मला एवढीशी सवड होती, आणि मी ताटात वाढलेलं संपवत बसले. परतीच्या विमानात बारकी माझ्या शेजारी होती. नऊ तास. तिने मला सीटचा पट्टा लावून दिला, माझा गुडघा दुखतो म्हणून बाहेरची जागा मला दिली, आणि स्वतः डोळे मिटून बसली. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पार्लरची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि गेली.

त्यानंतर ती आमच्या भागातल्या चार पार्लरमध्ये काम मागायला गेली. चारही ठिकाणांहून मला फोन आले. मी कुणालाही वाईट बोलले नाही हं! मी एवढंच म्हणायची, मी काही सांगत नाही बाई, तुमचं तुम्ही बघा. तू या धंद्यातली आहेस, असं म्हटल्यावर पुढचा माणूस काय समजतो ते तुला सांगायला नको. आता ती कपड्यांच्या दुकानात उभी असते, गिऱ्हाइकांनी उलगडून टाकलेल्या साड्यांच्या घड्या घालते. तिथे एकदा मी आत शिरले आणि ती दिसताच तशीच बाहेर आले. पार्लरमध्ये माझ्या खुर्चीसमोर रांग लागेल असं मला वाटलं होतं. 'बारकी कुठे गेली?' विचारून बायका परत जायला लागल्या.

दोन आठवड्यांपूर्वी आमच्या गल्लीत विजेची नवी केबल टाकली. आमचं घर नि पार्लर एकाच छताखाली, गल्लीच्या टोकाला, आजवर दुपारी पंखा नुसता फिरल्यासारखा करायचा. आता एवढ्या जोरात फिरतो की कॅलेंडर भिंतीवर आपटतं. त्या दिवशी एका गिऱ्हाइकासाठी नवा अंबाडा बसवून बघायचा म्हणून मी सरावाचं पुतळ्याचं डोकं पुढ्यात घेतलं, तेच, खऱ्या केसांचं. रॉड लावला, बटण ठिपक्यावर, बट गुंडाळली, मोजायला लागले. बाराला तोच वास. मी हात काढेपर्यंत बट रॉडला चिकटून खाली आली. कात्री, तू हसशील, पण मी आधी उठून दाराची कडी बघितली. मग न्हाणीघरात डोकावले. घरात कुणी नव्हतं. खापर फोडायला एक माणूस नव्हतं. वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावून सांगितलं, आत्ता कुठे तुमच्याकडे पुरता करंट येतोय, इतकी वर्षं पाऊणच येत होता. म्हणजे माझे वीस आकडे पाऊण करंटचे होते. तुमच्याकडे तो पहिल्या दिवसापासून पुरता होता. बारकीची कागदाची पट्टी तिथे काळी पडली असती, आणि भाचीचे केस वाचले असते.

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! चूक कुणाचीच नव्हती. तिचीही नाही, माझीही नाही, करंटची. रविवारी मी तशीच रिक्षा करून बारकीच्या घरी गेले. तिने दार उघडलं. आत ये म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच केबल, मीटर, वीस आकडे, सगळं सांगितलं आणि म्हटलं, बघ, उगाच गैरसमज झाला, आता ये परत. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'करंटचं मला त्याच दिवशी कळलं होतं, ताई. मला कशाला सांगताय? ज्यांना माझं नाव सांगितलंत त्यांना जाऊन सांगा. आणि करंटचं नका सांगू. त्या खोलीत तुम्ही काय बघितलंत ते सांगा.' आणि दार लावून घेतलं. बारा वर्षांत तिने माझ्यासमोर पहिल्यांदा दार लावलं. मी जिन्यावर बराच वेळ बसून होते. गुडघ्यामुळे नाही.

म्हणून हे पत्र. ताईला मी सोमवारी सांगितलं, ती तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. भाचीला सांगितलं, ती रडली आणि म्हणाली, मावशी, आम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं गं, तिच्या बाजूने एकजणही बोललं नाही. त्या चारही पार्लरमध्ये मी स्वतः जाऊन, खुर्चीत बसलेल्या बायकांच्या देखत सांगून आले. आता तू तेवढी राहिलीस, आणि सगळ्यात अवघड तूच आहेस. कारण बाकी कुणी मला 'बघितलंस का' असं विचारलं नव्हतं. तू विचारलंस. फोनवर मी बटणाचं सांगितल्यावर तू म्हणालीस, फणे, तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस का बटण फिरवलेलं? आणि मी म्हटलं, बघितलं. ते खोटं होतं, कात्री. बट हातात आली त्याच क्षणी मी पहिल्यांदा बटणाकडेच बघितलं होतं. ते ठिपक्यावर होतं, मी ठेवलं होतं तिथेच. बारकीने दारातून ते बघितलं, आणि मी ते बघितलेलंही तिने बघितलं. मग मी ते बंद केलं, दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून. हे सगळं लिहिताना मी इतक्या वेळा संशय संशय म्हटलं, पण त्या क्षणी माझ्या मनात तिच्याबद्दल एवढासाही संशय नव्हता. मला ठाऊक होतं तिने काही केलेलं नाही, आणि ठाऊक असताना मी तिचं नाव घेतलं. तुला यापुढे मला फोन करावासा वाटला नाही तर मी समजून घेईन. तिला मात्र आजच कर.

तुझीच,
फणी